मंडळीच्या कामासाठी पैसा कोणत्या मार्गाने उभा करावा?

खजिनदार (प्रश्न)

आदरणीय बंधुभगिनींनो,

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या खजिनदारपदाची जबाबदारी गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. रविवारच्या अर्पणातून पाळकांचे मानधन आणि रोजचा खर्च जेमतेम भागतो; उपासनामंदिराच्या छपराची दुरुस्ती मात्र आता आणखी पुढे ढकलता येणार नाही. मागच्या सभेत तीन सूचना आल्या: तिकिटे विकून सोडत काढावी, मोठ्या देणगीदारांची नावे रकमेसह उपासनेत वाचून दाखवावीत, आणि प्रत्येक कुटुंबाला दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देणे, सक्तीचा करावा. तिन्ही मार्गांनी पैसा येईल, याबद्दल मला शंका नाही. पण दुसरी सूचना आम्ही पूर्वी एकदा अमलात आणली होती. त्या दिवशी यादी वाचली जात असताना, मागच्या बाकावर बसलेल्या एका विधवा भगिनीने हातातले घडी घातलेले पाकीट हळूच पदराआड घेतले, आणि अर्पणाची पिशवी आली तेव्हा ती तशीच पुढे दिली. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपला अनुभव आणि विचार कृपया कळवावा.

निवृत्त पाळक

खजिनदारबंधू, आपण पाहिले ते विसरू नका, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल यरुशलेमेतील बांधवांसाठी वर्गणीची रीत सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर वर्गणी गोळा करत बसावे लागणार नाही. यात सोडत नाही, चढाओढ नाही, ऐनवेळचे भावनिक आवाहनही नाही; आहे ती नियमितता आणि ज्याच्या-त्याच्या ऐपतीची जाणीव. दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात तो मासेदोनियातील गरीब मंडळ्यांच्या औदार्याबद्दल भरभरून लिहितो, पण लगेच स्पष्ट करतो की आपण हे आज्ञा म्हणून सांगत नाही. प्रेषितालाही जी सक्ती करावीशी वाटली नाही, ती आपल्या कमिटीने का करावी?

दशमांशाचा विषय निघाला की आपण पूर्ण दशमांश आणायला सांगणारा मलाखीचा ३रा अध्याय उघडतो. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १४वा अध्याय फार थोडे जण उघडतात. तेथे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातले), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे म्हणून राखून ठेवायला सांगितले आहे. म्हणजे आपण जिच्याबद्दल लिहिले, ती भगिनी त्या नियमाप्रमाणे दशमांश घेणाऱ्यांमध्ये बसते. तिच्यावर सक्ती करण्याआधी तिच्या घरी चूल पेटते का, हे मंडळीने पाहिले पाहिजे.

एक सभासद

पाळकसाहेब, सक्ती नको हे मान्य; पण दशमांशाची शिकवणच थांबवली तर कमावते लोक खिशातली चिल्लर पिशवीत टाकून मोकळे होतात, हेही मी पाहिले आहे. ज्यांना शक्य आहे त्यांच्याशी वडीलवर्गाने घरी जाऊन मोकळेपणाने बोलावे. मागण्यात लाज नाही.

चर्चच्या इतिहासाची अभ्यासक

मागण्यात लाज नाही, हे खरे; पैशाच्या बदल्यात काय देऊ करतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी पापदंडमाफीची पत्रे विकली गेली, आणि १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले. पुढे प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही कुटुंबांना बाक भाड्याने देण्याची पद्धत चालवलीच. पैसेवाल्यांना चांगली जागा आणि गरिबांना उरलेली.

जॉर्ज म्युलर इंग्लंडमधील टिनमथ येथे पाळक होते. त्यांचा पगार अशाच बाकभाड्यातून येत असे. याकोबाच्या पत्राच्या २ऱ्या अध्यायात श्रीमंताला मानाची जागा देण्याचा निषेध आहे, हे ध्यानात घेऊन १८३० मध्ये त्यांनी ठरलेला पगार सोडला, बाकभाडे बंद केले आणि चॅपलमध्ये एक पेटी ठेवली. त्यांच्या कारणांपैकी एक मला फार मोलाचे वाटते: भाडे भरण्याचा दिवस येतो, तेव्हा एखाद्या बांधवाच्या हातात पैसे नसण्याचीही शक्यता असते. नावांची यादी आणि बाकभाडे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

हिशेबतपासनीस

छपराचा निधी वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर महिन्याला जमाखर्च सूचनाफलकावर लावा. पैसे मोजताना दोघांनी बसावे, आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत. पौलानेही वर्गणी पोचवताना मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतला होता, कोणी दोष लावू नये म्हणून.

खजिनदार

सर्वांचा मनापासून आभारी आहे. सोडत आणि यादी या दोन्ही सूचना मागे घ्याव्यात, असे मी येत्या सभेत मांडणार आहे. दुरुस्तीचा एकूण खर्च आणि जमलेली रक्कम फलकावर राहील, नावे राहणार नाहीत. पिशवी बाकाबाकांतून फिरवण्याऐवजी दाराशी पेटी ठेवावी, असेही सुचवीन. त्या भगिनीकडे मात्र मी सभेची वाट न पाहता याच आठवड्यात पत्नीसह जाऊन येतो. तिला काही मागायला नव्हे, तिचे कसे चालले आहे ते विचारायला.