अमेरिकेतील फेडरल जिल्हा न्यायाधीश आणि आपले जिल्हा न्यायाधीश: कारकिर्दीत नेमका फरक कोणता?

खानापूरकर_विद्यार्थिनी:
मी बेळगावात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरच्या वाटणीच्या दाव्यात साक्षीपुरावा एका न्यायाधीशांपुढे झाला आणि युक्तिवाद दुसऱ्यांनी ऐकला, कारण मधल्या काळात पहिल्यांची बदली झाली. अमेरिकेतील फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायव्यवस्थेतील, जिल्हा न्यायाधीशांची मात्र बदलीच होत नाही, असे वाचले. मग त्यांची नेमणूक आणि पुढची वाटचाल कशी असते?

टिळकवाडीचे_वकील:
आपल्याकडे घटनेच्या कलम २३३ नुसार राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून जिल्हा न्यायाधीश नेमतात. थेट भरतीसाठी वकिलीची, किंवा वकिली व न्यायाधीशपद मिळून, किमान ७ वर्षे लागतात, बाकीचे दिवाणी न्यायाधीशपदावरून बढतीने येतात. बदल्या उच्च न्यायालयाच्या हाती असतात आणि कर्नाटकात साठाव्या वर्षी निवृत्ती ठरलेली असते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात व सिनेट (तेथील संसदेचे वरिष्ठ सभागृह) संमती देते. घटनेने वयाची किंवा कायद्याच्या पदवीचीही अट घातलेली नाही, तरी प्रत्यक्षात मुरलेले वकील, सरकारी अभियोक्ते आणि राज्य न्यायालयांतील न्यायाधीशच निवडले जातात. एकदा नेमणूक झाली की पद तहहयात. पगार कमी करता येत नाही आणि काढायचे तर महाभियोगच चालवावा लागतो. त्या मार्गाने आजवर फक्त ८ फेडरल न्यायाधीश दोषी ठरून पदावरून गेले. नेमणुकीतले राजकारण मात्र आपल्यापेक्षा कितीतरी उघड असते, हेही ध्यानात ठेवावे.

निपाणीचा_वाचक:
वकीलसाहेबांच्या मुद्द्याला फेडरल जिल्हा न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांचे उदाहरण जोडतो. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना अलाबामातील माँटगोमेरी येथे नेमले, तेव्हा ते अवघे ३७ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी तेथील बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या तीन न्यायाधीशांच्या पीठात ते २ विरुद्ध १ अशा बहुमताच्या बाजूने होते. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठीच्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला त्यांनी परवानगी दिली, आणि तीही कायद्याच्या वर्गातील आपले सहाध्यायी, गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांचा विरोध असताना. त्यांच्या अंगणात वर्णद्वेष्ट्यांची धमकी म्हणून क्रॉस जाळला गेला, १९६७ मध्ये आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. तरीही १९७९ मध्ये वरच्या न्यायालयात जाईपर्यंत ते त्याच शहरात, त्याच न्यायासनावर बसले. बदलीचा धाक असता तर हे निकाल इतक्या सलगपणे आले असते का, याबद्दल मला शंका आहे.

खानापूरकर_विद्यार्थिनी:
सर, पण तहहयात पद म्हणजे थकलेल्या न्यायाधीशालाही हलवता येणार नाही, असे झाले ना?

टिळकवाडीचे_वकील:
अडचण खरी आहे. त्यावर त्यांनी काढलेली तोड म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशाचा दर्जा. वय ६५ आणि सेवा १५ वर्षे झाली की तो घेता येतो. मग काम कमी करता येते आणि रिकाम्या झालेल्या जागी नवी नेमणूक होते. मात्र सक्ती कोणावरच नाही. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन यांना केनेडी यांनी १९६२ मध्ये नेमले होते. १९७९ मध्ये हा दर्जा घेऊनही ते नाकाला प्राणवायूची नळी लावून न्यायासनावर बसत, आणि २०१२ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी वारले तेव्हाही न्यायाधीशच होते.

निपाणीचा_वाचक:
ताई, टिपणात एक भेद जरूर नोंदवा. अमेरिकेत त्याच इमारतीत बसणाऱ्या, जिल्हा न्यायाधीशांना कामात मदत करणाऱ्या मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांना हे संरक्षण नाही. त्यांना जिल्हा न्यायाधीशच नेमतात आणि पूर्णवेळ पदाची मुदत ८ वर्षांची असते. दिवाळखोरी न्यायाधीशांची मुदत १४ वर्षांची आहे.