मदत हवी आहे: एक स्मार्ट स्पीकर, चार माणसं आणि दोन सारखे आवाज

स्पीकर बिनस्क्रीनचा आहे. तिघांची स्वतंत्र खाती ॲपमधल्या एकाच 'होम'ला जोडली आहेत, प्रत्येकाचं व्हॉइस प्रोफाइल (आवाजावरून माणूस ओळखण्यासाठीची नोंद) ज्याच्या-त्याच्या फोनवरून नोंदवलं आहे. आजींकडे फोन नाही. त्या प्रोफाइलशिवायच बोलतात, त्यांचं काही अडत नाही.

अडतं मायलेकींपाशी. लेकीने "आज काय काय आहे?" विचारलं की बऱ्याचदा आईचं कॅलेंडर वाचलं जातं. उलटं क्वचितच होतं. मिक्सर किंवा टीव्ही चालू असताना जास्त, पण शांततेतही होतंच.

दोघींची प्रोफाइलं पुसून, पंखा बंद करून पुन्हा नोंदवली. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे ठेवला. "मी कोण?" विचारल्यावर नाव बहुतेक वेळा बरोबर येतं, लांब वाक्याला ओळख पटते, दोन-तीन शब्दांत गडबड होते. आईचे वैयक्तिक निकाल (तिच्या खात्यातली माहिती स्पीकरने सांगण्याची सोय) बंद केले की चूक थांबते, पण तिची औषधांची रिमाइंडरही जातात, म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. फॅक्टरी रीसेट केलेलं नाही, ते अगदी शेवटी. दुसरा स्पीकर घ्यायचा नाही. गाण्यांची खाती वेगळी आहेत, तिथे तक्रार नाही.

फोन तोंडाजवळ धरून नोंदवलेला आवाज आणि खोलीच्या टोकावरून येणारा आवाज यांतल्या फरकामुळे असं होतं का? तसं असेल तर नोंदणी रोजच्या अंतरावरून करून कुणाला फरक जाणवला आहे का? आणि आईचं कॅलेंडर तेवढं स्पीकरपासून तोडून रिमाइंडर चालू ठेवायची सोय कुठल्या सेटिंगमध्ये आहे?