एरॉनॉमी: संज्ञेचा उगम आणि व्याप्ती

प्रश्न:
वातावरणाच्या वरच्या थरांविषयीच्या लेखनात ‘एरॉनॉमी’ ही संज्ञा वारंवार आढळते. हवामानशास्त्र असताना या भागासाठी वेगळे नाव का लागले, ते कोणी दिले आणि किती उंचीपासून वापरावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १:
ब्रिटिश गणिती व भूभौतिकीतज्ज्ञ सिडनी चॅपमन यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात ही संज्ञा सुचवली. हवा आणि नियम या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती घडवलेली आहे. १९५४ मध्ये भूचुंबकत्वाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या नावातच तिला स्थान दिले आणि मग ती रुळली.

वेगळ्या नावाला सबळ कारण आहे. पाऊस, वारे आणि ढग यांचा विचार करताना कोरड्या हवेतील मुख्य वायूंचे प्रमाण स्थिर मानून चालते, पण वर गेल्यावर हे गृहीतक टिकत नाही. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे तेथे रेणू फुटतात व इलेक्ट्रॉन सुटे होतात. शिवाय सुमारे १०० किलोमीटरच्या वर हवेची घुसळण क्षीण होऊन प्रत्येक वायू आपापल्या वस्तुमानानुसार पसरू लागतो, त्यामुळे तीनचारशे किलोमीटरवर अणुरूप ऑक्सिजन हाच प्रमुख घटक ठरतो. उंचीचे म्हणाल, तर मी स्थितांबराच्या, म्हणजे सुमारे १० ते ५० किलोमीटर उंचीवरील थराच्या, वरचा भाग धरतो.

प्रतिसाद २:
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. चॅपमन यांच्या व्याख्येत कसोटी किलोमीटरची नसून रेणूंचे विघटन आणि आयनीभवन (इलेक्ट्रॉन सुटे होऊन कण विद्युतभारित होणे) महत्त्वाचे ठरते की नाही, ही आहे. ऑक्सिजनचा रेणू अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटा झालेला अणू दुसऱ्या रेणूला जोडला जाऊन ओझोन तयार होतो, ही उपपत्ती त्यांनीच १९३० मध्ये मांडली होती, आणि ओझोनचा थर तर स्थितांबरातच आहे. अंटार्क्टिकावरील ओझोन विवराचा शोध घेणाऱ्या १९८६ च्या मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्या सुझन सॉलोमन या अमेरिकेतील बोल्डर येथील एरॉनॉमी प्रयोगशाळेतल्याच होत्या. स्थितांबर वगळले, तर हे काम कोणत्या शास्त्रात घालणार?

प्रश्नकर्ता:
मग आयनांबराचा अभ्यास आणि एरॉनॉमी यांना समानार्थी मानता येईल का?

प्रतिसाद ३:
नाही. आयनांबर हा वातावरणाचा विद्युतभारित भाग आहे. एरॉनॉमीत त्याच्यासोबत त्याच जागी असलेल्या, आणि संख्येने कितीतरी जास्त असलेल्या, भाररहित अणुरेणूंचाही विचार होतो. ती पृथ्वीपुरतीही उरलेली नाही. २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेले ‘मेवन’ हे यान तेथील वरच्या वातावरणातून वायू अवकाशात कसे निसटतात, हे तपासण्यासाठी पाठवले गेले, आणि ग्रहांच्या एरॉनॉमीचे ते उत्तम उदाहरण आहे.