स्पितीतील गोठलेल्या धबधब्यापर्यंतची वाट हिवाळ्यात कशी शोधावी?

गोदाकाठ, परभणी

सर्वांना नमस्कार. आम्ही तिघे येत्या जानेवारीत हिमाचलमधील स्पितीला निघालो आहोत. सचखंड एक्स्प्रेसने अंबाल्यापर्यंत, तिथून शिमला आणि रेकाँग पिओमार्गे काझा, असा बेत आहे. तिघांनीही उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्रशिक्षण घेतले असून गेल्या हिवाळ्यात लेहजवळच्या गंगलेस येथे बर्फाच्या भिंतीवर सरावही केला आहे. तिथे भिंत रस्त्यापासून जवळ असल्यामुळे वाट शोधण्याचा प्रश्नच आला नव्हता.

या वेळी मात्र लिंगटी खोऱ्यात, लालुंगच्या पुढे एका आडबाजूच्या नाल्यातील गोठलेला धबधबा चढाईसाठी गाठायचा आहे. एका परिचिताने नकाशावरील बिंदू पाठवला आहे, पण उपग्रहाच्या चित्रात तिथवर जाणारी एकही पायवाट दिसत नाही. नाल्याच्या पात्रातून सरळ वर जावे, की बाजूच्या सोंडेवरून आडवे उतरावे?

मांजराकाठ, लातूर

त्या खोऱ्यात मी दोन हिवाळे गेलो आहे आणि पहिल्या वर्षी धबधबा न पाहताच परतलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण गौताळ्यात किंवा अंतूरला जातो तेव्हा मळलेली वाट सुटली तरी ढोरवाट सापडते आणि ती कुठल्या तरी वस्तीवर नेऊन सोडते. स्पितीतही गुरांच्या आणि याकांच्या वाटा आहेत, पण त्या उन्हाळी कुरणांकडे जातात आणि जानेवारीत बर्फाखाली असतात. तुम्ही पाहिलेले उपग्रहचित्र बहुधा उन्हाळ्यातले असणार. त्याऐवजी सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रे पाहा. ती विनामूल्य मिळतात, दर पाच दिवसांनी नवी येतात, आणि मागील दोन-तीन वर्षांच्या जानेवारीतील चित्रे शेजारी ठेवली तर कोणत्या उतारावर बर्फ टिकतो आणि कोणता उतार उन्हाने उघडा पडतो हे स्पष्ट कळते. दहा मीटरच्या बारकाव्यात पायवाट दिसणार नाही, परंतु कोरडी दक्षिणाभिमुख सोंड दिसेल, आणि तीच तुमची वाट. धबधबा सावलीत टिकतो, म्हणून शेवटचा टप्पा सावलीतच येतो. तो जितका आखूड करता येईल तितका करावा.

पात्राच्या मोहात पडू नका. मी पडलो होतो. वरून सपाट आणि सोपे दिसणारे ते पात्र म्हणजे पाण्यावर धरलेली बर्फाची साय होती, आणि सकाळी दहाच्या सुमारास माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. बूट ओला झाल्यावर त्या थंडीत पुढे जाणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी करणे, म्हणून तिथूनच माघारी फिरलो.

दुसऱ्या वर्षी गावात आधी दोन दिवस मुक्काम केला. काझा सुमारे ३,६५० मीटरवर आहे आणि खोऱ्यातील वरची गावे त्याहून उंच, त्यामुळे हवेशी जुळवून घ्यायला हा मुक्काम लागतोच. घरमालकांनी छपरावरून बोट दाखवून सांगितलेली वाट माझ्या सगळ्या नकाशांहून अचूक निघाली. त्यांना ‘धबधबा कुठे आहे’ असे न विचारता ‘हिवाळ्यात त्या बाजूला जनावरे शोधायला कसे जाता’ असे विचारा.

सहस्रकुंड, नांदेड

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक भर घालणे अत्यावश्यक वाटते. वाट ठरवताना पायाखालच्या उताराइतकाच डोक्यावरचा उतार पाहिला पाहिजे. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. १:५०,००० प्रमाणाच्या, ४० मीटर अंतराच्या समोच्च रेषांच्या (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर शेजारच्या दोन रेषांतील अंतर ०.८ ते १.४ मिलिमीटर असेल, तर तो उतार याच टप्प्यात येतो. असा उतार नाल्याच्या दोन्ही अंगांना असेल, तर नाला म्हणजे सापळाच, कारण वरून सुटलेला सगळा बर्फ तिथेच येऊन साचतो.

स्पितीत बर्फ कमी पडतो म्हणून धोका कमी, हा समज चुकीचा आहे. पातळ थर आणि कडाक्याची थंडी यांमुळे तळाचा बर्फ साखरेसारखा रवाळ होतो, एकमेकांना धरून राहत नाही, आणि त्यावर नवा बर्फ पडला की वरचा थर सरकतो. म्हणून हिमवृष्टीनंतर किमान दोन दिवस थांबा. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा संकेत पकडणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे तिघांकडेही हवे. एकाकडे असून उपयोग नाही. उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगणे आपल्याकडे बेकायदा आहे, तेव्हा परतण्याची वेळ गावात सांगून जा.

गोदाकाठ, परभणी

दोघांचेही मनापासून आभार. आज नकाशावर पट्टी ठेवून मोजले. आम्ही ठरवलेल्या पात्रातल्या वाटेवर डाव्या अंगाला रेषा जवळजवळ एक मिलिमीटरवर आहेत, त्यामुळे ती वाट रद्द केली आहे. पूर्वेकडच्या सोंडेवरून जायचे ठरवतो आहोत, पण परतताना अंधार पडला तर सोंडेवरून उतरायची जागा कशी ओळखावी?

मांजराकाठ, लातूर

जाताना प्रत्येक वळणावर दगडांची लगोरी रचा आणि उतरण्याच्या जागी लाल फडकी बांधलेली बांबूची काठी रोवा. येताना ती काढून आणा. जीपीएसवर वाट नोंदवा, मात्र थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून यंत्र आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. दुपारी दोन वाजता चढाई कुठेही असली तरी दोर खाली सोडून उतरायला लागा. मग अंधाराचा प्रश्न सहसा येत नाही.