गिनी पिगच्या पाठीवर गाठ लागतेय हाताला, डॉक्टरांनी अॅमॉक्सिसिलिन दिलंय, देऊ का?

कृष्णाकाठ_कराड
नमस्कार सगळ्यांना. आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत, दोन्ही माद्या, बुंदी आणि शेव. बुंदी आता चारच्या आसपास असेल. काल संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन विंचरत होते तर कमरेच्या जरा वर, कण्याच्या उजव्या बाजूला हाताला टणक काहीतरी लागलं, आधी वाटलं केसांचा गुंता असेल पण केस बाजूला करून बघितलं तर कातडीतच गाठ आहे, साधारण हरभऱ्याएवढी, आणि बोटाने सरकवली की कातडीबरोबर सरकते. मधोमध एक काळपट ठिपका दिसतो. हात लावला तर ओरडत नाही, खाणं व्यवस्थित, फ्रीज उघडला की नेहमीसारख्या शिट्ट्या घालते, लेंड्या पण नॉर्मल आहेत.

आज सकाळी इथल्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. ते गाई म्हशी आणि कुत्री बघतात, स्वतःच म्हणाले की गिनी पिग फारसे येत नाहीत माझ्याकडे. इन्फेक्शन असेल म्हणून अॅमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं, लहान मुलांना देतात तेच, आणि पुढच्या आठवड्यात दाखवायला सांगितलं. सिरप आणून ठेवलंय पण अजून दिलेलं नाही, कारण कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय की गिनी पिगना सगळी औषधं चालत नाहीत. ही कॅन्सरची गाठ असू शकते का? मुलगी सारखी विचारतेय आणि मला काय सांगावं कळत नाहीये. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.

ढवळ्यापवळ्या
ताई, सिरप देऊ नका. बाकी सगळं नंतर वाचा, आधी एवढं करा.

मी पशुवैद्य आहे, माझ्याकडे ससे आणि गिनी पिग नियमित येतात. गिनी पिगचं पचन आतड्यातल्या विशिष्ट जीवाणूंवर चालतं. अॅमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, ही औषधं पोटात गेली की ते चांगले जीवाणू मरतात आणि त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम वाढतो, तो विष तयार करतो, जनावर खायचं बंद करतं, जुलाब लागतात आणि काही दिवसांत दगावतं. तोंडाने द्यायची सेफॅलेक्झिनसारखी औषधं पण त्याच यादीत धरा. कुत्र्याला आणि माणसाच्या बाळाला हीच औषधं बिनधास्त चालतात त्यामुळे ज्यांनी गिनी पिग बघितलेले नाहीत त्यांच्या हातून ती लिहिली जातात, तुमच्या डॉक्टरांनी निदान प्रामाणिकपणे सांगितलं की येत नाहीत माझ्याकडे. खरंच अँटिबायोटिक लागलं तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम सल्फा वापरतात, पण डोस वजनावर ठरतो आणि तो समोर बघणाऱ्यानेच ठरवायचा, इथे कोणी सांगितला तरी घेऊ नका. गाठीवर मलम पण लावू नका, ते चाटतात आणि शेवटी पोटातच जातं.

आता गाठीबद्दल. कमरेजवळ, कातडीतच असलेली, मधे छिद्र किंवा ठिपका असलेली गाठ ही बऱ्याचदा ट्रायकोफॉलिक्युलोमा निघते, म्हणजे केसाच्या मुळापासून वाढलेली साधी गाठ, पसरत नाही. गिनी पिगच्या कातडीत सगळ्यात जास्त आढळणारी गाठ हीच. पण "बऱ्याचदा" म्हणजे "नक्की" नाही. चरबीची गाठ असू शकते, गळू असू शकतं, क्वचित वाईट पण असू शकते. बाहेरून बघून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, मी पण नाही. बारीक सुई घालून आतला थोडा अंश काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, बहुतेक वेळा भूल पण लागत नाही. तेवढं करून घ्या, मग पुढचं ठरवा.

माका_ठाणे
आमच्या नराला अगदी याच जागी झाली होती. आम्ही पहिल्यांदा थांबून बघू म्हटलं कारण डॉक्टर म्हणाल्या घाई नाहीये, पण ती वाढत गेली आणि एक दिवस आपोआप फुटली, आतून राखाडी घट्ट पदार्थ आणि त्यात केस, वास पण खूप. मग जखम साफ ठेवणं आणि माशा बसू न देणं हेच मोठं काम झालं, पावसाळा होता. शेवटी ऑपरेशन करून पूर्ण पिशवीसकट काढली आणि तपासणीला पाठवली, साधी निघाली, परत आली नाही. आतलं नुसतं पिळून काढलं तर पिशवी आतच राहते आणि पुन्हा भरते असं आम्हाला सांगितलेलं. त्यामुळे लहान असतानाच काढली तर जखम पण लहान, असं माझं मत, पण वय आणि तब्येत बघून डॉक्टर काय म्हणतात ते महत्त्वाचं.

सदाफुली७
माझी आजी अशा गाठीवर हळद आणि एरंडेल लावायची, मऊ झाली की दाबून आतली घाण काढायची. जनावरांना पण चालतं. ऑपरेशनचा खर्च करायच्या आधी करून बघायला काय हरकत आहे.

ढवळ्यापवळ्या
सदाफुली, आजीचा हात चांगला असेल यात शंका नाही, पण इथे नको. बुंदी आणि शेव एकत्र राहतात, अंगावर लावलेलं दोघी चाटणार. आणि दाबून काढणं सगळ्यात धोक्याचं, पिशवी कातडीखाली फुटली तर आत इन्फेक्शन पसरतं. गिनी पिगचा पू माणसासारखा पातळ नसतो, घट्ट असतो, छिद्रातून वाहून जात नाही. गळू असलं तरी त्यांच्यात आम्ही शक्यतो आवरणासकट काढतो किंवा उघडं ठेवून रोज धुतो.

रानभाजी
गाठ कुठे आहे त्यावरून खूप फरक पडतो, ज्यांच्याकडे गिनी पिग आहेत त्यांनी सगळ्यांनीच हे लक्षात ठेवा म्हणून लिहितेय. आमच्याकडे एकाला जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला सूज आली, आम्हाला वाटलं गालात खाऊ साठवलाय, पण गिनी पिग हॅमस्टरसारखे गालात साठवत नाहीत. ते लिम्फ नोडचं इन्फेक्शन निघालं, स्ट्रेप्टोकोकसचं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की खायला काय टाकता, तर आम्ही गावाकडून आणलेला कडबा बारीक करून टाकत होतो, त्याची टोकं तोंडात टोचतात आणि त्या जखमेतून जंतू आत जातात. मऊ गवत द्या, हरळी स्वच्छ धुवून देता येते, टिमोथी गवत परवडत असेल तर उत्तमच. त्याला बाकीच्यांपासून वेगळं ठेवायला लागलं कारण ते एकाचं दुसऱ्याला लागतं.

आणि पोटाच्या मागच्या भागात दोन स्तन असतात, दोनच, तिथे गाठ लागली तर अजिबात थांबू नका, त्यातल्या बऱ्याच वाईट निघतात. नराला पण होतात, हे खूप जणांना माहीत नसतं. गळा, काखा, जांघा अशा दोन तीन ठिकाणी एकदम गाठी लागल्या तरी त्याच दिवशी दाखवा.

कृष्णाकाठ_कराड
खूप खूप आभार. सिरप बाजूला ठेवून दिलं. रानभाजी तुमचं वाचून दोघींना पूर्ण चाचपून बघितलं, गळा काखा पोट सगळं साफ आहे, फक्त पाठीवरची तेवढीच. सुईने नमुना कुठे घेतील पण? पुण्याला जायची तयारी आहे. आणि प्रवासात काय काळजी घ्यायची, उपाशी न्यायचं का? आमच्या कुत्र्याच्या ऑपरेशनला रात्रीपासून काही देऊ नका म्हणाले होते.

ढवळ्यापवळ्या
उपाशी अजिबात नाही! कुत्र्याला उपाशी ठेवतात कारण भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. गिनी पिगला उलटी होतच नाही, आणि त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, बरेच तास रिकामं राहिलं तर हालचाल मंदावते, गॅस धरतो आणि तेच जिवावर बेततं. ऑपरेशन ठरलं तरी फक्त आधीचा थोडा वेळ खाणं बंद ठेवतात आणि तोंडात राहिलेला चोथा साफ करून घेतात. कोणी तुम्हाला रात्रभर उपाशी ठेवा म्हणालं तर समजा की त्यांना या जनावराची सवय नाही, दुसरीकडे विचारा.

कराडहून पुण्याला जाताना हायवेवरच शिरवळ लागतं, तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याचा दवाखाना पण आहे, आधी फोन करून विचारा की गिनी पिगची गाठ तपासून मिळेल का आणि कोणत्या वेळी यायचं. पुण्यात जायचं ठरलं तर "एक्झॉटिक (म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव प्राणी) बघता का" एवढंच विचारू नका, बरेच जण त्यात फक्त पोपट धरतात. गिनी पिगना भूल देता का, आयसोफ्लुरेन (हुंगवून द्यायचं भुलीचं औषध) आहे का, ऑपरेशननंतर दुखण्याचं औषध देता का, असं स्पष्ट विचारा.

गाडीत ऊन लागू देऊ नका, 27-28 डिग्रीच्या वर त्यांना त्रास व्हायला लागतो. पहाटे निघा. खोक्यात गवत आणि काकडीचे तुकडे भरपूर, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात. आजपासून रोज किचनच्या वजनकाट्यावर वजन करून लिहून ठेवा, खाणं कमी झालेलं डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं.

आल्प्सातली_मावशी
शेवलाही बरोबर न्या. मी स्वित्झर्लंडमध्ये राहते, इथे 2008 च्या प्राणी संरक्षण नियमांप्रमाणे गिनी पिग एकटा पाळायला परवानगीच नाही, आणि त्यामागचं कारण दवाखान्यात गेलं की समजतं, सोबत असली की घाबरलेली पण खाते. परत आल्यावर वासामुळे भांडण होण्याची शक्यता पण कमी होते.

अजून एक, व्हिटॅमिन सी. माणसासारखंच ते त्यांच्या अंगात तयार होत नाही, जखम भरायला लागतं. किलोला रोज 10 ते 30 मिलिग्रॅम. ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, पेरूची छोटी फोड. पिण्याच्या पाण्यात थेंब टाकू नका, ते पाण्यात लवकर निकामी होतं आणि चव बदलली की पाणी पिणं कमी करतात.

कृष्णाकाठ_कराड
अपडेट देतेय. सुईने नमुना घेतला, डॉक्टर म्हणाले ट्रायकोफॉलिक्युलोमाच वाटतोय, वाईट पेशी दिसल्या नाहीत. वय आणि वजन चांगलं आहे म्हणून आम्ही काढूनच घेतली, गाठ पुढच्या तपासणीला पाठवली होती, त्याचा रिपोर्टही तोच आला. पहिल्या रात्री बुंदीने तोंड लावलं नाही तेव्हा माझी फार घालमेल झाली, पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून पेलेट पाण्यात भिजवून मऊ केली आणि सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी भरवली, मुलीने तिला धरलं. पहाटे स्वतःहून कोथिंबीर ओढली आणि लेंड्या सुरू झाल्या. आता टाक्यांची एक शंका आहे, शेव सारखी तिच्या पाठीला नाक लावतेय, वेगळं ठेवू का?

ढवळ्यापवळ्या
छान बातमी. नाक लावते तोपर्यंत राहू दे, कुरतडते किंवा चाटते असं दिसलं तर मधे जाळी लावा म्हणजे एकमेकींना दिसत राहतील. खाली भुसा नको, मऊ सुती कापड घाला आणि दिवसातून दोनदा बदला. टाक्यांभोवती लाली, ओल किंवा सूज वाढताना दिसली तर फोटो काढून त्याच डॉक्टरांना पाठवा. आणि ते सिरप घरात ठेवू नका, कोणीतरी चुकून द्यायचं.