शिकलेला, शिकवलेला आणि पढवलेला

प्रश्न : 'तज्ज्ञांनी उपस्थितांचे मार्गदर्शन केले' हे बरोबर, की 'उपस्थितांना'? शिवाय शिकवण, उपदेश, समज, धडा हे सगळे शब्द शिकवण्याचेच, तर मग त्यातल्या काहींना दटावणीचा वास का येतो?

उत्तर : 'उपस्थितांना'. मदत करणे, सहकार्य करणे यांच्यासारखंच हे. ज्याला मिळतं त्याला 'ला/ना' लागतो. मराठीत 'चे' लावलं की मार्गदर्शन करणाऱ्याचं होतं : 'सरांचे मार्गदर्शन लाभले'. त्यामुळे 'उपस्थितांचे मार्गदर्शन' वाचून क्षणभर वाटतं की वक्ताच चुकला होता आणि श्रोत्यांनी त्याला वाटेला लावलं. ही 'चे'ची रचना हिंदीच्या वळणाची आहे. (बातम्यांमध्ये तर कोणी चार वाक्यं बोललं तरी ते 'मार्गदर्शन'च असतं. भाषणाला भाषण म्हणायला काय हरकत आहे?)

दटावणीचं म्हणाल तर पहिला मान 'शिक्षा'चा. शिक्षा आणि शिक्षण एकाच 'शिक्ष्' धातूचे, अर्थ शिकणं. वेदांगांतली 'शिक्षा' म्हणजे तर उच्चारांचं शास्त्र. मराठीने मात्र वाटणी केली, शिक्षण शाळेला दिलं आणि शिक्षा गुन्हेगाराला. म्हणून 'सर्व शिक्षा अभियान' हे नाव हिंदीतून जसंच्या तसं आलं तेव्हा मराठी कानाला ते धमकीसारखं वाटलं. 2018 पासून 'समग्र शिक्षा' आहे, म्हणजे आता काहीच सुटणार नाही!

'धडा शिकवणे' सगळ्यांना ठाऊक आहे. 'समज देणे' जास्त फसवं. 'कर्मचाऱ्याला समज दिली' यात समजावणं नावापुरतं, ताकीदच खरी. समजावायचंच असेल तर 'समजावून सांगितलं' म्हणावं लागतं.

दुसरं उत्तर : मला 'शिकलेला' आणि 'शिकवलेला' ही जोडी अधिक बोलकी वाटते. 'शिकलेला माणूस' हा मान, 'शिकवलेला साक्षीदार' हा आरोप. 'पढवलेला' तर त्याहून वाईट. पठ् धातूचं हे क्रियापद हिंदीत सन्मानाने वर्गात जातं. आपण मात्र पढवतो पोपटाला आणि साक्षीदाराला. रामदासांनी दासबोधात पढतमूर्खाची लक्षणं सांगायला अख्खा समास खर्च केला आहे, म्हणजे नुसत्या पढण्यावरचा हा अविश्वास बराच जुना. 'शिकवलेली बुद्धी आणि बांधलेली शिदोरी फार काळ पुरत नाही' ही म्हणही त्याच चालीची.

पुरवणी : इतकं सरसकट नको. 'मी शिकवलेली मुलं' म्हणताना कुठलेही शिक्षक खजील होत नाहीत, उलट छाती फुगते. संशय क्रियापदात नाही, कर्ता लपवण्यात आहे. 'त्याला कोणीतरी शिकवलंय' म्हटलं की लगेच कारस्थान दिसतं. 'त्याला आजीने शिकवलंय' म्हटलं की नाही. कर्माचंही तसंच. 'मला पोहायला शिकव' ही विनंती, 'मला शिकवू नकोस' हे भांडण. काय शिकवायचं ते गाळलं की शब्दाला धार येते.

दुसरं उत्तर (पुढे) : मान्य. पण 'पढवणे'ला हा नियम वाचवत नाही. 'वकिलाने पढवलेला साक्षीदार' म्हणा, कर्ता समोर उभा आहे, तरी आरोप तसाच.

पुरवणी : खरं आहे, पढवणे वेगळं काढू. आणि शिकवण-शिकवणीची गल्लत होते म्हणून : शिकवण थोरांची किंवा अनुभवाची असते आणि ती मिळते, शिकवणी लावावी लागते, बहुधा पैसे मोजून. 'संतांची शिकवणी' असं लिहिलेलं वाचलं आहे, म्हणून सांगितलं. 'उपदेश'ची गोष्ट उलटी झाली. पूर्वी तो गुरूकडून मुद्दाम मागून घ्यायचे, 'उपदेश घेणे' म्हणजे दीक्षाच. आता कोणी न मागता त्याचे डोस पाजले जातात.