कानात बसेल आणि खिशाला झेपेल असा इअरफोन: तुमचे अनुभव सांगा

घडीची_पोळी

गणपती आठ दिवसांवर आलेत म्हणून काल टीव्हीखालचा कप्पा उपसला. त्यात श्रीखंडाचा डबा निघाला. श्रीखंड कुठलं, आत वायरींचा गुंता. कामं टाकून तो सोडवत बसले. सात इअरफोन निघाले. पाच एका बाजूने मेलेले, एकाची नुसतीच वायर, आणि तळाशी माझा सेनहायझर सीएक्स १८०. त्याचं डावं रबर २०१३ साली कर्वे रोडवर पडलं ते पडलंच.

तो घेतला तेव्हा पुण्यात पेइंग गेस्ट होते. त्याआधी फोनबरोबर फुकट मिळायचे ते गोल, कडक प्लास्टिकचे इअरफोन वापरायचे. अर्ध्या तासात कानाची पाळी आतून सोलल्यासारखी व्हायची. महिनाभर सकाळचे पोहे बंद केले (रविवारची फीस्ट मात्र सोडली नाही, तेवढी मी थोर नाही) आणि साडेआठशे रुपये जमवले. पहिल्यांदा कानात घातला तेव्हा रूममेट समोर उभी राहून काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, आणि मला फक्त गाणाऱ्या बाईने मुखडा उचलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. तोच मुखडा शंभर वेळा ऐकला असेन, श्वास कधी ऐकला नव्हता.

पण डावीकडचा सतत निसटायचा. माझा डावा कान उजव्यापेक्षा लहान आहे हे तेव्हा कळलं. आईला फोन करून विचारलं तर म्हणाली, "टोचताना फार रडलीस ना, म्हणून."

आता कल्याणहून रोज जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास. ब्लूटूथवाल्या जोडीतला एक ठाण्याला फलाट आणि गाडीच्या मधल्या फटीत गेला, उरलेला विधुर झालाय. परत वायरवाला घ्यायचाय. दीड हजाराच्या वर जाणार नाही. कोणता घेतलात, कानात कसा बसला, दुखलं का, आवाज कसा वाटला ते सांगा. टॉप टेन याद्या नकोत, त्या वाचून झाल्यात.

कोपऱ्यातला_चहा

बसतेय. म्हणजे धाग्यावर बसतेय. माझ्याही कानात काही बसत नाही.

चिंचगूळ

डोंबिवली, सकाळची गाडी, लेडीज डबा. माझ्या इअरफोनचं रबर निसटून खाली पडलं आणि मी बावळटासारखी ओरडले, "अगं बाई, माझं कानातलं पडलं!"

अख्खा डबा वाकला. एका मावशींनी मोबाईलचा टॉर्च लावला. दुसऱ्या म्हणे, "फिरकीचं होतं का गं? किती ग्रॅमचं?" कोणी पाय उचलून धरले, कोणी दारातल्या मुलींना दम दिला की सापडेपर्यंत कोणी उतरायचं नाही. मला तोंड उघडायची सोय राहिली नाही. शेवटी मेथी निवडत बसलेल्या एका काकूंच्या पिशवीत सापडलं. त्यांनी ते काळं रबर दोन बोटांत धरलं, उजेडात नेलं आणि विचारलं, "हे सोन्याचं?"

तेव्हापासून दुसऱ्या डब्यात चढते.

नाचणीसत्व

😂😂 मेथी धुऊन घेतली असेल ना काकूंनी

चिंचगूळ

ताई, मेथीला माझ्या कानाचा मळ आणि माझ्या कानाला मेथीचा वास. फिट्टंफाट.

डग्गावाला

लांबलचक लिहितोय, गोड मानून घ्या.

चार वर्षं तबला शिकतोय. घरी ऐकायला म्हणून पहिल्यांदा जो घेतला त्याच्या खोक्यावर जादा बास असं ठळक लिहिलेलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. सहाशे रुपये. त्यात डग्गा म्हणजे रिकाम्या पिंपावर मारलेली बुक्की. मनगट सरकवून डग्ग्यावर जी घसीट काढतात ती गायब, नुसता धप्प. तानपुरा तर खोलीबाहेर जाऊन बसलेला. मग समजलं की या बऱ्याच स्वस्त इअरफोनांत खालचा आणि अगदी वरचा आवाज फुगवतात आणि मधला दाबतात. दुकानात अर्धा मिनिट ऐकलं की भारी वाटतं. पण गळा, हार्मोनियम, सारंगी सगळी मंडळी मधल्या पट्टीत राहतात ना! ती बिचारी दोन्हीकडून चेपली जातात.

नंतर मित्राने मूनड्रॉप चू दिला. (नाव वडिलांसमोर घेता येत नाही, मी "मूनड्रॉप" एवढंच म्हणतो.) आत दहा मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग), बाकी काही तामझाम नाही. पहिल्या दिवशी तो परत करायला निघालो होतो, कारण डग्गाच ऐकू येईना! पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. सहज बोटाने इअरफोन आत दाबला आणि घुमारा आला. बोट काढलं, गेला. दाबला, आला. दोष माझ्या रबराचा होता. रबर आणि कानाच्या भिंतीत केसाएवढी फट राहिली तरी आधी खालचे स्वर पळतात. उजवीकडे मध्यम, डावीकडे मोठं रबर लावलं आणि गडी जागेवर आला.

तेव्हा इअरफोनला शिव्या घालण्याआधी हा बोटाचा प्रयोग करा. बोटाने हलकेच दाबल्यावर बास वाढला तर रबर चुकलंय.

घालायचीही पद्धत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि किंचित मागे ओढायची, मग इअरफोन आत सरकवायचा आणि पाळी सोडायची. नळी सरळ होते, रबर नीट बसतं. क्लासच्या बाहेर हे करताना गुरुजींनी पाहिलं आणि विचारलं, "दाढ दुखतेय का रे?"

एक उणं: पहिल्या चूची वायर सुटी होत नाही, वायर गेली की सगळंच गेलं. चू टू नावाचा पुढचा आलाय त्यात होते.

कोपऱ्यातला_चहा

बोटाचा प्रयोग आत्ता केला. ऑफिसात. बास वाढला. तीन वर्षं मी या इअरफोनला भंगार म्हणत होते 🤦

गावठी_गिटार

रबरांवरून आठवलं. तापकीर गल्लीत गेलो, म्हटलं इअरफोन नको, नुसती रबरं आहेत का? दुकानदार म्हणाला, "कुकरची रबरं पुढे, भांड्यांच्या दुकानात."

तिसऱ्या दुकानात मिळाली. लहान-मध्यम-मोठी मिळून एक पुडी, ऐंशी रुपये. फोमचीही होती, दीडशेला जोडी. फोम दोन बोटांत चिमटून बारीक करायचा, पटकन कानात घालायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा. आत हळूहळू फुगतो आणि कानाचा आकार घेतो. माझ्यासारख्या वाकड्या कानाला अमृत. वरचा चरचरीत आवाजही जरा मवाळ होतो. पण धुता येत नाही, आणि घाम असला की दोन-तीन महिन्यांत वाळक्या पावासारखा होतो.

इअरफोन म्हणाल तर केझेड ईडीएक्स आहे. सहाशेच्या आत पडला, वायर सुटी होते, ती कानावरून मागे नेऊन घालायची. बास जोरात. डग्गावाल्यांना चालणार नाही, मला रॉक ऐकायला चालतो.

घडीची_पोळी

डग्गावाला, गुरुजींचं वाचून कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झाल्या. वरण गेलं.
एक शंका. चालताना वायर कुडत्याला घासली की कानात खरवडल्यासारखा आवाज येतो. तो इअरफोनचा दोष का?

गावठी_गिटार

नाही हो ताई. कान बंद झाला की वायरीचं घासणं थेट आत पोचतं. वायर कानावरून मागे टाका, नाहीतर चिमटा लावा. नव्वद टक्के जातं. (टक्केवारी माझ्या मनाची.)

नाचणीसत्व

आणि चिवडा खात ऐकू नका. रबर नीट बसलं असेल तर स्वतःचे दात म्हणजे बँड पथक. काल शेंगदाणा चावला आणि गाण्यात फटाका फुटला असं वाटून मागे वळून पाहिलं.

उंबरठ्यावर

माझं उलटं आहे. कानात घुसणारं काहीही घातलं की बुडी मारल्यासारखं वाटतं. आपलाच आवाज डोक्यात घुमतो. दोन घेतले, दोन्ही भाच्यांना दिले. आता परत ते बाहेर टेकणारे कडकवालेच, त्याला स्पंजाच्या टोप्या लावून. बास नाही, पण बाळ रडलं तर ऐकू येतं आणि दुधाचं पातेलं वर येताना कळतं. स्वयंपाकघरात कान बंद करून चालत नाही हो.

कर्णधार_नाही_कर्णदार

कान-नाक-घशाच्या ओपीडीत ऑडिओलॉजिस्ट आहे, डॉक्टर नाही. दोन रुग्णांच्या मधे लिहितेय.

१. पावसाळ्यात कानात बुरशीचे रुग्ण वाढतात. अंघोळ करून ओल्या कानात इअरफोन घालणारे त्यात हमखास. खाज, जडपणा, काळपट-पांढरी घाण दिसली तर कानात तेल घालू नका, इथे या.

२. "ऐकू कमी येतंय" म्हणून येतात आणि कान उत्तम निघतात. इअरफोनच्या जाळीत मळ बसलेला असतो. रबर काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका. जाळी वर धरून घासलं तर मळ आणखी आत जातो.

३. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे. आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. लोकलच्या खडखडाटात लोक आवाज शेवटपर्यंत नेतात. रबर घट्ट बसलं तर बाहेरचा गोंगाट मुळात कमी होतो आणि आवाज खालीच ठेवता येतो. म्हणून बसणारं रबर महत्त्वाचं, गाण्यासाठी सोडा, कानासाठी.

पुढचा रुग्ण आला.

चिंचगूळ

ताई, कापसाची काडी चालते का?

कर्णधार_नाही_कर्णदार

नाही.

जुनं_ट्रान्झिस्टर

आमच्या आजोबांना श्रवणयंत्र होतं. त्यासाठी कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला होता, दहा मिनिटं हलू नका म्हणाले. आजोबा दहा मिनिटं गप्प बसलेले घरच्यांनी प्रथमच पाहिले. आता इअरफोनसाठीही असे साचे करून देतात, बजेटबाहेरचं काम. गंमत म्हणजे महागड्या इअरफोनांत जे चिमुकले बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असतात ते मुळात श्रवणयंत्रातूनच आलेत.

आजोबांचा साधा फोन होता, त्यावर एफएम. इअरफोन लावल्याशिवाय रेडिओ लागायचा नाही, कारण वायर हीच ॲंटेना. त्यामुळे ते इअरफोन फोनला जोडायचे, वायर खिडकीच्या गजाला गुंडाळायचे आणि बातम्या स्पीकरवर लावायचे, सगळ्या वाड्याला ऐकू येतील अशा. इअरफोनचा इतका टिकाऊ उपयोग मी नंतर पाहिला नाही. ते गेल्यावर गजावरची वायर बाबांनी काढू दिली नाही. रंगकाम झालं तेव्हा रंगाऱ्याने वायरीवरूनच ब्रश मारला. अजून आहे, हिरवी.

नाचणीसत्व

🙏 हे वाचून जरा थांबले.

कोपऱ्यातला_चहा

आमच्याकडे आजीच्या चष्म्याची दोरी अशीच आहे. देव्हाऱ्याशेजारी.

तीन_पूर्णांक_पाच

पोळीताई, फोनला इअरफोनचं भोक आहे का ते आधी बघा! २०१६ ला आयफोन ७ मधून काढलं तेव्हा सगळे हसले, मग बऱ्याच जणांनी काढलं. मी इअरफोन जोडायला स्टेशनबाहेर नव्वद रुपयांचं टाइप-सी कनेक्टर घेतलं, माझ्या फोनमध्ये आवाजच येईना. भावाच्या जुन्या फोनला तेच चाललं. काही फोन टाइप-सीच्या भोकातून तयार आवाज देतात, काही फक्त डिजिटल देतात. मग त्याचा आवाज करणारी चिप कनेक्टरमध्येच असावी लागते. त्या चिपला डॅक म्हणतात, घेताना "डॅक आहे का" विचारा. दुकानदार गोंधळला तर पुढचं दुकान.

घडीची_पोळी

भोक आहे. फोनही श्रीखंडाच्या डब्याच्याच पिढीचा आहे.

डग्गावाला

मग काम झालं. आणि तो जुना सीएक्स टाकू नका, नव्या रबरावर चालेल कदाचित.

चिंचगूळ

कुठलं श्रीखंड ग? आमच्याकडे आम्रखंडाच्या डब्यात सुया असतात, दर वेळी फसते.

घडीची_पोळी

वेलची. डब्याला अजून वास येतोय, वायरींनाही.

---

अपडेट देते, विसर्जन झालं, आता वेळ मिळाला.

डग्गावाल्यांचं ऐकून आधी ऐंशीची रबरांची पुडी आणली आणि बारा वर्षांपूर्वीच्या सीएक्सला लावली. डावीकडे लहान, उजवीकडे मध्यम. हात डोक्यावरून घेऊन पाळी ओढली (नवऱ्याने विचारलं, "योगासन?"). दोन्ही बाजू जिवंत आहेत! वायर कडक झालीय, प्लगजवळ हलवली की खरखर येते, पण कल्याण ते दादर एकदाही निसटला नाही. तोच मुखडा लावला. श्वास आहे जागेवर.

चू टूही मागवलाय. खरखर किती दिवस झेपेल सांगता येत नाही.

पुडीत प्रत्येकी एकच जोडी होती, त्यामुळे एक लहान आणि एक मध्यम उरलंय. कोणाला हवंय का?

चिंचगूळ

मला! माझा डावा मोठा, उजवा लहान. बरोब्बर तुझ्या उलट.

घडीची_पोळी

मग उद्या दे हाक, कल्याणहूनच येते मी. कुठला डबा?

चिंचगूळ

मधला लेडीज. फक्त देताना मोठ्याने "कानातलं" म्हणू नकोस. काकू हल्ली याच डब्यात असतात, काल पालक निवडत होत्या.